सांगलीच्या गच्चीवरून अग्निबाण आणि उपग्रह

तुमचे प्रश्न तीन आहेत. तासगाव तालुक्यातील घराच्या गच्चीवरून आंध्रच्या किनाऱ्यावरील श्रीहरिकोट्याहून होणारे अग्निबाणाचे प्रक्षेपण दिसू शकेल का? मागे एका संध्याकाळी एकामागून एक, मण्यांच्या माळेसारखे सरकत गेलेले दिवे कसले होते? आणि अठरा-पंचावन्न मिलिमीटरच्या किट लेन्सचा, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या लेन्सचा, साधा डीएसएलआर यांपैकी काय टिपू शकेल? मी साताऱ्यात राहतो आणि बरीच वर्षे हा उद्योग मनापासून करत आलो आहे. उत्तराची सुरुवात मधल्या प्रश्नापासून करतो, कारण तो समजला की उरलेले दोन जवळजवळ आपोआप सुटतात.

तुम्ही पाहिलेली रांग स्टारलिंक या इंटरनेट-सेवेच्या उपग्रहांची होती. मे २०१९ पासून हे उपग्रह एका अग्निबाणातून डझनांनी सोडले जातात. सुटल्यानंतरचे पहिले काही दिवस ते एकमेकांच्या मागे, कमी उंचीवर फिरतात. नंतर स्वतःच्या इंजिनांनी साधारण ५५० किलोमीटरच्या उंचीकडे चढतात, एकमेकांपासून दूर जातात आणि बरेच मंद होतात. म्हणूनच अशी माळ एखाद-दोन संध्याकाळी लखलखीत दिसते आणि पुढच्या आठवड्यात तिचा मागमूस उरत नाही. ती तुम्हाला संध्याकाळी दिसली आणि मध्यरात्री दिसली नाही, हेच या साऱ्या विषयाचे मर्म आहे.

उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. तो दिसतो तो सूर्यप्रकाशाने. त्यासाठी आपण अंधारात आणि तो उन्हात असावा लागतो. जमिनीवर सूर्य मावळतो तेव्हा चारशे किलोमीटर उंचीवर अजून लख्ख ऊन असते. सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश उतरेपर्यंत आपल्या डोक्यावर आलेले आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक प्रकाशात राहते. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे सूर्यास्तानंतर एवढे उतरायला त्याला सव्वा ते दीड तासच लागतो. पहाटे हाच हिशोब उलट लावायचा. युरोपातील लोक उन्हाळ्यात रात्रभर उपग्रह पाहत बसतात, ती चैन आपल्याला नाही. आपल्याकडे संध्याकाळचा दीड तास आणि पहाटेचा दीड तास एवढाच खरा हंगाम असतो. म्हणून अनुभवी माणूस वेळापत्रक पाहिल्याशिवाय गच्चीवर जात नाही. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले की प्रत्येक फेरीची वेळ, दिशा, कमाल उंची आणि तेजस्विता मिळते. तेथील तेजस्वितेचा आकडा जितका ऋण, तितकी वस्तू तेजस्वी. स्थानकाची चांगली फेरी उणे तीनच्या पलीकडे जाते, म्हणजे चंद्र आणि शुक्र सोडले तर त्या वेळी आकाशात तिच्या तोडीचे सहसा काही नसते. अर्ध्या आकाशात गेलेले स्थानक अचानक तांबूस होऊन विझले तर ढग आला असे समजू नका. ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेले असते, आणि तो क्षण वेळापत्रकात सेकंदापर्यंत दिलेला असतो.

आपल्या अक्षांशाचा एक फायदाही आहे. अंतराळात फिरणाऱ्या हबल दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी केवळ २८.५ अंश कललेली असल्याने ती लंडनच्या क्षितिजावर कधीच येत नाही. सांगली-साताऱ्यावरून मात्र ती अनेकदा थेट डोक्यावरून जाते. ती स्थानकाइतकी तेजस्वी नसते, पण तासगावच्या बाहेरच्या माळावरून नुसत्या डोळ्यांनी सहज दिसते. चीनचे तियांगोंग स्थानकही ४१.५ अंशांच्या कक्षेमुळे आपल्याकडे उंचावरून जाते. लुकलुकत, लाल-हिरवे दिवे दाखवत जाते ते विमान. एकसंध प्रकाशाने, आवाज न करता पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो तो उपग्रह. ठरावीक अंतराने तेज कमी-जास्त करत जाणारा बिंदू दिसला तर तो बहुधा अग्निबाणाचा कोलांट्या खात फिरणारा रिकामा टप्पा असतो. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पाहायला जगभर लोक अंगणात उभे राहिले, तेव्हाही बहुतेकांना दिसला तो स्पुटनिक नव्हता, त्याच्यामागे कक्षेत गेलेला अग्निबाणाचा मोठा टप्पा होता.

आता श्रीहरिकोटा. तेथून सांगली सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आणि सातारा सुमारे ८०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे एवढ्या अंतरावरील अग्निबाण सांगलीच्या क्षितिजावर डोके काढतो तेव्हा तो जवळपास ४० किलोमीटर उंच गेलेला असतो, आणि साताऱ्यासाठी ५० किलोमीटर. म्हणजे उड्डाणाचा पहिला दीड-दोन मिनिटांचा भाग, जो दूरदर्शनवर आपण श्वास रोखून पाहतो, तो येथून दिसणे शक्य नाही. त्यानंतर अग्निबाण कोणत्या कक्षेकडे निघाला आहे यावर सारे ठरते. भूस्थिर कक्षेसाठी, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरणाऱ्या उपग्रहांच्या कक्षेसाठी, जाणारा इस्रोचा जीएसएलव्ही किंवा एलव्हीएम-३ अग्निबाण पूर्वेकडे, आपल्यापासून दूर, बऱ्याच सपाट मार्गाने जातो, आणि माझ्या हिशोबाने तो सांगलीहून क्षितिजाच्या एक-दोन अंशांपलीकडे चढत नाही. ध्रुवीय, म्हणजे ध्रुवांवरून जाणाऱ्या, कक्षेसाठी आग्नेयेकडे निघणारा पीएसएलव्ही अग्निबाण अधिक उंच चढत जातो. तो पाच ते सात अंशांपर्यंत येऊ शकतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते, तेव्हा अर्ध्या मुठीएवढ्या पट्टीत, तीही क्षितिजावरच्या धुळीत आणि धुरात, तुम्हाला शोध घ्यायचा आहे. दिशा आग्नेयेपेक्षा थोडी पूर्वेकडे, म्हणजे उत्तरेपासून मोजल्यास सुमारे १२० अंश, आणि पीएसएलव्ही असेल तर तेथून हळूहळू दक्षिणेकडे सरकणारी.

अशा पट्टीत ज्वाला दिसण्याची आशा मी धरत नाही. दिसू शकतो तो धुराचा पिसारा. अग्निबाण विरळ हवेत गेला की त्याचे वायू पंख्यासारखे पसरतात, आणि जमिनीवर अंधार असताना त्यांच्यावर ऊन पडले तर निळसर-पांढरा, जेलीफिशसारखा आकार तयार होतो. येथे पुन्हा उजेड-सावलीचाच हिशोब लागतो, आणि तो आपल्या बाजूने फक्त पहाटे लागतो. श्रीहरिकोटा आपल्या पूर्वेला असल्याने तेथे सूर्य आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो. संध्याकाळी ही गोष्ट आपल्या विरुद्ध जाते, कारण आपल्याकडे पुरेसा अंधार होईपर्यंत तिकडचे वरचे आकाशही सावलीत गेलेले असते. पहाटे मात्र आपण अंधारात असतानाच तिकडचा अग्निबाण उन्हात शिरतो. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्यावरचे शंभरावे प्रक्षेपण, जीएसएलव्ही-एफ१५, सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी झाले. त्या दिवशी सांगलीचा सूर्योदय सात वाजून पाच मिनिटांच्या आसपासचा होता. वेळ मनासारखी होती, पण मार्ग जीएसएलव्हीचा, म्हणजे अगदी क्षितिजालगतचा. शिवाय जानेवारीत सूर्य उगवतो तोही त्याच बाजूला, त्यामुळे पहाटेचा उजेड नेमका पाहायच्या ठिकाणी पसरतो. पीएसएलव्ही, आपल्या सूर्योदयाच्या आधी चाळीस ते पन्नास मिनिटे, आणि पावसाने धुतलेली कोरडी हवा असे तिन्ही जुळून आले तर मी गजर लावून उठेन. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० सारखे रात्री दहाचे प्रक्षेपण असेल तर गच्चीवर जाणार नाही, कारण त्या वेळी उंच आकाशातही ऊन नसते.

इतक्या वर्षांत जतच्या पूर्वेकडील माळावरून मला एकदाच असा पिसारा दिसला. दोन मिनिटे टिकलेली, हलक्या हाताने पुसल्यासारखी एक उजळ फिकी रेघ होती आणि तिचे वरचे टोक रुंदावत गेले. छायाचित्रात ती जेमतेम उमटली. तरीही ती पाहिल्याचा आनंद मला आजही होतो, आणि म्हणूनच आशा सोडा असे मी म्हणत नाही. फक्त गच्चीऐवजी जागा बदला. तासगावभोवतीची द्राक्षशेती, वस्त्यांचे दिवे आणि गळीत हंगामात कारखान्यांचा व पेटवलेल्या पाचटाचा धूर क्षितिजाचे पहिले पाच अंश पूर्णपणे गिळतात. दंडोबाचा डोंगर किंवा जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडील उंच माळ यांना आग्नेय बाजू मोकळी मिळते आणि हवाही कोरडी असते. डोंगरावर रात्री थांबायचे असेल तर परवानगीची चौकशी आधी करा. साताऱ्याच्या बाजूला मला माण-खटावचे माळ अधिक मानवतात. चाळकेवाडीचे पठार उंच आहे, पण पवनचक्क्यांचे लाल दिवे प्रत्येक चित्रात येतात.

ज्यांना खरोखर प्रक्षेपण पाहायचे आहे त्यांनी एकदा तरी तेथे जावे. २०१९ पासून इस्रोने सर्वसामान्यांसाठी प्रेक्षक-सज्जा खुली केली आहे. प्रक्षेपण जाहीर झाल्यावर ऑनलाइन नोंदणी सुरू होते आणि जागा फार लवकर भरतात. पुणे-सोलापूर-रेणिगुंटा मार्गाने चेन्नई आणि तेथून श्रीहरिकोट्याजवळचे रेल्वेस्थानक सुळ्ळूरपेट, असा आपल्या भागातून सोयीचा प्रवास आहे. सोबत काय नेता येईल याच्या सूचना प्रत्येक वेळी नीट वाचाव्यात आणि परतीचे तिकीट एक-दोन दिवस उशिराचे काढावे, कारण प्रक्षेपण पुढे ढकलले जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. ऋतूचाही विचार करा. आपला पाऊस संपून आकाश निवळते त्या ऑक्टोबर-डिसेंबरमध्येच त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस असतो.

तेथे छायाचित्र काढताना घोटाळा होतो तो ज्वालेच्या तेजाने. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा आणि एलव्हीएम-३ चे दोन्ही बाजूंचे बूस्टर घन इंधनाचे आहेत, आणि त्या इंधनातील ॲल्युमिनियममुळे त्यांची ज्वाला डोळे दिपवणारी असते. इस्रोच्या विकास नावाच्या इंजिनाची द्रव इंधनाची ज्वाला तिच्यापुढे जवळजवळ पारदर्शक असते. रात्रीच्या प्रक्षेपणाला कॅमेरा ऑटोवर ठेवला की अंधार पाहून तो एक्स्पोजर वाढवतो आणि अग्निबाणाच्या जागी पांढरा डाग उरतो. संपूर्ण कमान एका चित्रात हवी असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/११ ते एफ/१६, शटर बल्बवर, म्हणजे बटण सोडेपर्यंत उघडे, आणि दोन-तीन मिनिटांचे एक्स्पोजर ठेवावे. दिवसा हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद शटर ठेवून ज्वालेऐवजी अग्निबाणाच्या अंगावरचा प्रकाश मोजावा. आवाज उशिरा येतो, दर किलोमीटरला जवळपास तीन सेकंदांनी, म्हणून तो ऐकून बटण दाबणाऱ्याचे पहिले क्षण हुकतात.

आता तुमच्या गच्चीकडे आणि किट लेन्सकडे परत येतो. स्थानकाच्या फेरीसाठी ती पुरेशी आहे. एक गोष्ट मात्र आधी नीट समजून घ्या, कारण नव्या माणसाचे निम्मे प्रयत्न तिच्यापाशी वाया जातात. तारा सेन्सरवर जवळजवळ एकाच जागी असतो, म्हणून शटर जितका वेळ उघडे तितका त्याचा प्रकाश साठतो. उपग्रह मात्र प्रत्येक बिंदूवरून क्षणार्धात पुढे जातो. तेव्हा शटर दहा सेकंद उघडे ठेवा की साठ, त्याची रेघ तितकीच उजळ राहते, फक्त लांब होते, आणि मागचे आकाश मात्र उजळत जाऊन तिला बुडवते. रेघ उजळ करायची असेल तर ॲपर्चर उघडा किंवा आयएसओ वाढवा. शटरचा वेळ वाढवून उपयोग नाही.

म्हणून अठरा मिलिमीटरवर लेन्स, ॲपर्चर जितके उघडेल तितके म्हणजे एफ/३.५, आयएसओ ८००, आणि दहा-पंधरा सेकंदांची चित्रे एकामागून एक घेत जावीत, आणि नंतर संगणकावर लायटन पद्धतीने, म्हणजे प्रत्येक जागी सर्वांत उजळ तो बिंदू ठेवून, ती एकत्र करावीत. कॅमेऱ्यातील लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा तितकाच वेळ अडून बसतो आणि रेघेत मोठी भगदाडे पडतात. लेन्सचे स्टॅबिलायझेशनही ट्रायपॉडवर बंदच हवे. फोकस हाताने करायचा, लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा तेजस्वी तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत, आणि मग रिंगवर चिकटपट्टी लावायची. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवा. कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवून घ्या, कारण कोणती रेघ कोणाची हे नंतर केवळ वेळेवरूनच ओळखता येते. फेरीच्या दहा मिनिटे आधी एक चाचणी चित्र काढून खालची झाडे, देवळाचा कळस, पाण्याची टाकी, जे काही हवे ते चौकटीत बसवून घ्या. नुसत्या आकाशातल्या रेघेपेक्षा गावाचा कळस ओलांडून जाणारी रेघ माझ्या मते कितीतरी बोलकी असते.

स्टारलिंकच्या माळेला वरची पद्धत लावू नका. दहा सेकंदांत साऱ्या मण्यांच्या रेघा एकमेकांत मिसळून एकच जाड रेघ होते. मणी सुटे हवे असतील तर आयएसओ ३२०० किंवा अधिक करून पाव ते अर्ध्या सेकंदाची चित्रे घ्यावीत.

हिवाळ्यात दवाची काळजी घ्या. एकदा डिसेंबरच्या पहाटे कृष्णाकाठी मी स्थानकाची डोक्यावरून जाणारी उत्तम फेरी टिपत होतो. घरी आल्यावर पाहिले, तर सातव्या चित्रापासून सर्व तारे धुरकट गोळे झाले होते. लेन्सवर दव बसले होते आणि अंधारात ते मला कळले नाही. तेव्हापासून मी नदीपासून दूर, थोड्या उंचावर जातो, हुड लावतो आणि दर काही मिनिटांनी टॉर्च तिरकी धरून काच पाहतो. पुसायची वेळ आलीच तर एकच हलका हात फिरवावा आणि फोकस हलला नाही ना ते पाहावे.

शटर उघडे ठेवून खरोखर फायदा होतो असा उपग्रहांचा एक वर्ग आहे, आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचे भूस्थिर उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतात, त्यामुळे आपल्या आकाशात ते जागचे हलत नाहीत. स्थिर ट्रायपॉडवरच्या चित्रात तारे सरकून रेघा होतात आणि हे उपग्रह ठिपक्यासारखे तसेच राहतात. ७४ अंश पूर्व रेखांशावर भारताने आपले भूस्थिर उपग्रह ठेवले आहेत. कल्पना चावला यांचे नाव दिलेला कल्पना-१ हा हवामान उपग्रह तेथेच होता. सातारा याच रेखांशाजवळ असल्याने ती जागा साताऱ्याहून जवळपास बरोबर दक्षिणेला, ६९ अंश उंचीवर येते. आपल्याकडून हा सारा पट्टा खगोलीय विषुववृत्ताच्या तीन अंश दक्षिणेला दिसतो, म्हणजे मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या किंचित खाली. जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास मृग माथ्याजवळ असतो तेव्हा तेथे कॅमेरा रोखा. या कामाला मात्र किट लेन्स अपुरी पडते. पन्नास मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स मित्राकडून मागून आणा, कारण हे ठिपके फार मंद असतात, आणि मिनिटभराची चित्रे अंधाऱ्या जागेवरूनच काढा.

जळत परतणाऱ्या अवशेषांबद्दलही थोडे सांगतो, कारण अशा घटनेनंतर लोक घाबरतात. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातून दिसलेले अग्निगोल चीनच्या लाँग मार्च-३बी अग्निबाणाच्या टप्प्याचे होते, आणि त्याचे धातूचे मोठे कडे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात सापडले. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. असा अवशेष मात्र तुकडे-तुकडे होत, संथपणे, मिनिटभर आकाश ओलांडतो. तो दिसला तर कॅमेरा जसा असेल तसा सुरू करा, वेळ लिहून ठेवा, आणि जमिनीवर काही पडलेले आढळले तर हात न लावता पोलिसांना कळवा.

आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे एक दुसरे उत्तरही आहे. पीएसएलव्हीने उपग्रह सोडल्यावर त्याचा रिकामा चौथा टप्पा पुष्कळदा कक्षेत फिरत राहतो, आणि हेवन्स-अबव्हवर त्याचीही नोंद असते. तो मंद असतो, म्हणून द्विनेत्री (बायनॉक्युलर) लागते. अमावस्येच्या आसपासची कोरडी संध्याकाळ निवडा, कोणत्या ताऱ्याजवळून किती वाजता जाणार ते नकाशावर पाहून ठेवा, आणि पाच मिनिटे आधीच द्विनेत्री त्या ताऱ्यावर रोखून बसा. श्रीहरिकोट्याहून उडालेला अग्निबाण तुमच्या गच्चीवरून दिसेल तो बहुधा असाच, उड्डाणानंतर कित्येक महिन्यांनी.